पोंगा जपला, तर पाम जगला

तुमच्या ओळखीच्या एखाद्या दवाखान्यात, बँकेत, नाहीतर घराच्या ओट्यावर मोठ्या कुंडीत पाम उभा असेल, बघा. दारातून आत शिरताना त्याची पानं आपल्या केसांना लागतात. तो वाढत वाढत छताला टेकतो आणि मग सगळे म्हणतात, "आता याला जमिनीत लावायला पाहिजे." म्हणायला सोपं आहे. पण लावायचा कधी आणि कसा?

आज मी तुम्हांला अशा दोन पामांची गोष्ट सांगणार आहे. त्यातला एक जगला. दुसरा मेला, आणि तो माझ्या चुकीमुळे मेला. हो, बाईंच्या चुकीमुळे! बाईंचंही चुकतं, बरं का.

आमची कुर्डुवाडी म्हणजे रेल्वेचं गाव. १८९७ साली इथून बार्शीला अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली. ती गाडी आता राहिली नाही, तिच्या जागी मोठे रूळ आले. पण रेल्वेचा कारखाना आहे, क्वार्टर्स आहेत आणि बदल्याही आहेत. त्यामुळे आमच्या वर्गात दर वर्षी दोन-चार मुलं नवी येतात आणि दोन-चार जातात.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीतली एक मुलगी दाखला न्यायला आली. तिच्या वडिलांची दौंडला बदली झाली होती. सोबत तिचे आजोबा होते. ते म्हणाले, "बाई, शाळेला एक भेट द्यायची आहे. पण ती उचलायला सहा माणसं लागतील."

भेट म्हणजे दोन पाम! डांबराचं पिंप मधोमध कापून त्याच्या दोन अर्ध्यांत आजोबांनी ते वाढवले होते. हातपंख्यासारखी गोल, टोकाला चिरलेली पानं. याला पंखा पाम म्हणतात. हा मूळचा चीन-जपानकडचा. चौदा वर्षं ही जोडी त्यांच्या दाराशी उभी होती. आता मिळालेलं घर वरच्या मजल्यावर होतं. तिथे पिंपं चढवणार कशी?

जाताना ती मुलगी म्हणाली, "बाई, जमिनीत लावलेत की मला पत्र पाठवा. नवीन पान आलं की पण पाठवा."

मी म्हटलं, "नक्की पाठवीन."

घाई झाली आणि चूक झाली

तेव्हा डिसेंबर लागत होता. सव्वीस जानेवारीला गावातली मंडळी शाळेत येणार होती. मला वाटलं, तोवर झेंडावंदनाच्या ओट्याशेजारी पाम उभा राहिला, तर किती शोभा येईल! शिवाय हवाही छान गार होती. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. त्या रखरखाटात लावण्यापेक्षा थंडीत लावलेलं बरं, झाडालाही गार वाटेल, असा मी विचार केला.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्या माहेरी शिंदीच्या पानांचे फडे बांधतात. शिंदी म्हणजे ओढ्याकाठी उगवते ती, खजुराची रानटी बहीण. तीही पामच्याच कुळातली. मावशी म्हणाल्या, "बाई, आत्ता नका हालवू. गारठ्यात मुळी चालत न्हाई. मिरगापतोर थांबा की."

मी हसले आणि म्हटलं, "मावशी, मिरगाला अजून सहा महिने आहेत."

दोन पामांपैकी एक आम्ही त्याच आठवड्यात लावला. मुलांनी उत्साहानं खोल खड्डा खणला. पिंपातून झाड काढलं, तर मुळांचा गुंता झालेला. मी माती झटकून टाकली आणि गोल गोल फिरलेली मुळं कात्रीनं छाटली. झाड हलू नये म्हणून ते वीतभर जास्त खोल बसवलं. रोज दोन बादल्या पाणी घालायला पाळ्या लावल्या. व्हरांड्यातून आलेलं ते झाड थेट उन्हात उभं राहिलं. दुसरा पाम उचलायला त्या दिवशी माणसंच उरली नाहीत, म्हणून तो व्हरांड्यात राहिला. तो राहिला, हे त्याचं नशीब!

सव्वीस जानेवारीला सगळे म्हणाले, "वा! काय झाड आहे!" मी दौंडला पत्र पाठवलं, "एक पाम लावला. फार शोभून दिसतो."

फेब्रुवारीत पानांवर तपकिरी डाग पडले. उन्हाचे असतील, असं आम्ही म्हटलं. मग एके दिवशी मधलं कोवळं, अजून न उघडलेलं पान कलंडलं. एका मुलानं ते सहज ओढलं, तर ते अख्खं हातात आलं. बुडाशी काळं, मऊ आणि घाण वासाचं.

वर्गात शेतकऱ्यांची मुलं पुष्कळ. एक जण लगेच ओरडला, "बाई, पोंगा मेला!"

पोंगा म्हणजे काय?

ज्वारीच्या शेतात गेला असाल, तर पोंगा तुम्हांला माहीत असेल. मधोमध गुंडाळी होऊन वर येणारं कोवळं पान म्हणजे पोंगा. खोडमाशीची अळी आत शिरली की पोंगा वाळतो आणि ओढला की सुटून येतो. शेतकरी त्याला पोंगेमर म्हणतात.

आता गंमत बघा. एवढा मोठा पाम, पण तो ज्वारीचा लांबचा भाऊ! दोघेही एकदल. दोघांनाही मधलं एक सोटमूळ नसतं, बुडातून झुपक्यानं निघणारी तंतुमय मुळं असतात. आणि मोठी गोष्ट म्हणजे, कडुलिंबाची फांदी तोडली, तर दुसरी फुटते. एकाच खोडाच्या पामला तसं जमत नाही. त्याचं वाढीचं ठिकाण एकच, शेंड्याच्या आत, पोंग्याच्या बुडाशी. नवं पान तिथूनच येतं. ते ठिकाण कुजलं की खोड हिरवं दिसलं, तरी झाड संपलं. (अरेका पामसारख्यांना बुडातून अनेक खोडं येतात. त्यांचं एक खोड गेलं, तरी बाकीची जगतात. पण आमचा पाम एकखोडी होता.)

म्हणजे आजोबांचं चौदा वर्षांचं झाड मी दोन-अडीच महिन्यांत घालवलं होतं.

पत्रात काय लिहायचं?

त्याच आठवड्यात दौंडहून पोस्टकार्ड आलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "बाई, नवीन पान आलं का?"

मी कार्ड वर्गात वाचून दाखवलं. सगळे गप्प बसले. मग मागून एक जण म्हणाला, "बाई, लिहू की आलं म्हणून. तिला कुठं दिसतंय?" दुसरी म्हणाली, "दुसरा पाम आहे ना! त्याचंच लिहू." खरं सांगू? माझ्याही मनात तेच आलं होतं. तिला वाईट वाटेल, आजोबांना वाईट वाटेल आणि मला लाज वाटेल. एक छोटंसं वाक्य खोटं लिहिलं की सगळं सुटत होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण बाई, दुसरा पाम पण आपण असाच लावणार ना? मग तो पण मरेल."

होळीच्या सुट्टीत दुसरा लावायचं आमचं ठरलेलं होतं! पहिला कशानं मेला, तेच आम्हांला ठाऊक नव्हतं. मग आम्ही खरं ते लिहिलं. किती खोल लावला, मुळांचं काय केलं, पाणी किती घातलं, सगळं. खाली मी लिहिलं, "चूक माझी आहे. मुलांची नाही."

आठ दिवसांनी आजोबांचं उत्तर आलं. रागाचा एक शब्द नव्हता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "दुसरा पाम आत्ता लावू नका. मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबा." मावशी जे म्हणाल्या, तेच! आणि पुढे आमच्या चुका एकेक करून समजावल्या होत्या.

चुका कोणत्या?

पहिली, वेळ. थंडीत आपल्याला बरं वाटतं, म्हणून झाडालाही बरं वाटेल, असं मी धरून चालले. पण पामची मुळं उबदार मातीत वाढतात. माती गार झाली की ती जवळजवळ थांबतात. तुम्ही म्हणाल, "पण बाई, चीन-जपानकडच्या झाडाला थंडीची कसली भीती?" प्रश्न बरोबर आहे. कुर्डुवाडीच्या थंडीनं आमचा पाम मेला नाही. पण थंडीत नुसतं उभं राहणं वेगळं आणि थंडीत जखमा भरून नवी मुळं फोडणं वेगळं. मुळं छाटून मी त्याला नेमक्या त्याच वेळी कामाला लावलं, जेव्हा त्याला ते काम जमत नव्हतं.

दुसरी, मुळांची छाटणी. कुंडीतल्या पामचा मातीसकट गोळा शक्य तितका अख्खा ठेवायचा. माती झटकायची नाही. कापलेल्या मुळांना प्रत्येक जातीत नवे फाटे फुटतातच असं नाही. काही जातींत कापलेलं मूळ मरतं आणि बुडापासून नवीन मूळ यावं लागतं.

तिसरी, खोली. कुंडीत मातीची पातळी खोडाला जिथे होती, तिथेच ती जमिनीतही राहिली पाहिजे. जास्त खोल पुरलं की जुन्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती गुदमरतात.

चौथी, पाणी. आमची माती काळी आणि चिकट. थंडीत ती लवकर सुकत नाही. आम्ही रोज दोन बादल्या ओतल्या, म्हणजे झाडाला चिखलात उभं केलं. मुळं कुजली, तशी कूज वर पोंग्यापर्यंत पोहोचली.

पाचवी, ऊन. सावलीत वाढलेली पानं एकदम उन्हात आणली की करपतात. त्यांना हळूहळू सवय करावी लागते.

म्हणजे एका चुकीनं झाड मेलं नाही. पाच जणींनी मिळून मारलं.

थंड देशातले लोक काय करतात?

मला प्रश्न पडला, आपल्याकडे थंडी ती केवढीशी! मग खऱ्या थंड देशांत पाम लावतात की नाही? शोधलं, तर इटलीतल्या पादुआ गावाची गोष्ट सापडली. तिथे विद्यापीठाची वनस्पतिबाग १५४५ साली सुरू झाली. तिच्यात १५८५ साली लावलेला एक पाम आजही जिवंत आहे. तोही पंख्यासारख्या पानांचाच. हिवाळ्यात त्याला थंडी बाधू नये, म्हणून त्याच्याभोवती काचेचं उंच घर बांधलेलं आहे. १७८६ साली गटे नावाचा मोठा जर्मन कवी तिथे आला होता. त्याच झाडाजवळ उभं राहून त्यानं पाहिलं की पामची सुरुवातीची पानं साधी, भाल्यासारखी असतात आणि पुढे येणारी हळूहळू चिरत जाऊन त्यांचा पंखा होतो. त्या झाडाला आता गटेचा पाम म्हणतात.

सगळ्याच पामांना काचघर लागतं असं नाही. चीनच्या डोंगरांतला एक पाम बर्फ पडला, तरी तग धरतो. त्याच्या खोडावर काथ्यासारख्या केसांचं जाड वेष्टण असतं. युरोपातल्या पुष्कळ बागांत तो उघड्यावर उभा असतो. त्याचाच एक भाऊ आपल्या देशात, उत्तराखंडातल्या पिथोरागडच्या डोंगरांत आढळतो.

पण हा काटक पामसुद्धा तिथले जाणते लोक हिवाळ्याच्या तोंडावर कुंडीतून जमिनीत हलवत नाहीत. वसंत सरता सरता, माती तापू लागली की लावतात. म्हणजे सगळा उन्हाळा मुळांना मिळतो आणि बर्फ पडायच्या आधी झाड पाय रोवून उभं राहतं. त्यांचा उन्हाळ्याचा आरंभ आणि आपला मृग, दोन्ही साधारण मे-जूनच्या सुमारास येतात. त्या वेळी तिथली माती उबदार असते आणि ऊन सौम्य असतं. आपल्याकडे मेमध्ये ऊन भाजून काढतं, म्हणून पावसाची वाट बघायची. मग मातीला ऊब असते, ओल असते आणि आभाळ झाकलेलं असतं.

काय, पटलं ना? मावशींनी शिंदीकडून जे शिकलं होतं, तेच हजारो मैलांवरचे माळीही पाळतात.

दुसरा पाम

दुसऱ्या पामसाठी आम्ही घाई केली नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून पिंप रोज सकाळी तासभर कोवळ्या उन्हात ठेवायचं ठरलं. पण ते ढकलायचं कसं? मुलांनी गणित मांडलं. अर्ध्या पिंपात शंभर लिटर माती. एक लिटर ओली माती साधारण दीड किलोची. म्हणजे दीडशे किलो, शिवाय झाड! मग एका पालकांनी जुनी चाकं लावलेली फळी आणून दिली आणि प्रश्न सुटला. हळूहळू तासाचे दोन तास केले. एप्रिल-मेमध्ये मात्र दहा वाजले की पिंप पुन्हा सावलीत.

मेअखेर मोठ्या माणसांनी खड्डा खणला. पिंप ५८ सेंटिमीटर रुंद, म्हणून खड्डा त्याच्या दुप्पट रुंद, पण खोली फक्त मातीच्या गोळ्याएवढी. मग आम्ही त्यात पाणी भरलं आणि बघत बसलो. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच! म्हणून ती जागा सोडली आणि कुंपणाजवळच्या उंचवट्यावर, मुरमाड जमिनीत नवा खड्डा केला. तिथे तीन तासांत पाणी जिरलं.

जूनमध्ये शाळा उघडली, पण पाऊस नव्हता. आमच्याकडे मृग लहरीच. मुलं रोज आभाळाकडे बघायची. शेवटी दोन चांगल्या सरी पडल्या आणि माती आतपर्यंत भिजली. त्या शनिवारी सहा पालक आले. पानं वर गोळा करून सुतळीनं सैल बांधली, म्हणजे पोंग्याला धक्का लागणार नाही. गॅरेजवाल्या काकांनी पिंप उभं चिरलं. गोळा अख्खाच्या अख्खा बारदानावर घेतला आणि खड्ड्यात उतरवला. खोडाला हात धरून नाही, बरं का, गोळ्याला धरून! माती जुन्या पातळीलाच ठेवली. तीन बांबूंचा आधार दिला, पण खिळा एकही मारला नाही, खोडाभोवती बारदान गुंडाळून मगच बांधलं. भोवती आळं केलं. वर पाचट पसरलं, पण खोडापासून चार बोटं दूर.

मावशी बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता त्याला त्याच्या मनानं ऱ्हाऊ द्या."

आता परीक्षा मुलांची होती. नवं पान येतंय की नाही, हे कसं कळणार? आम्ही पोंग्यावर आणि त्याच्या शेजारच्या पानाच्या देठावर एकाच उंचीला शाईची रेघ मारली. पोंगा वाढला की त्याची रेघ वर सरकणार. दर सोमवारी पट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं.

पहिला सोमवार शून्य. दुसरा शून्य. तिसरा, चौथा, पाचवाही शून्य. खालची दोन पानं पिवळी पडली. मुलं म्हणाली, "कापू या!" पण आजोबांनी लिहिलं होतं, पिवळं पान कापायचं नाही. झाड त्यातली पोषणद्रव्यं काढून नव्या पानाला देतं. पूर्ण वाळल्यावरच ते काढायचं. पाणी किती द्यायचं? रोजचा नेम बंद केला. मातीत बोट खुपसायचं आणि बोट कोरडं निघालं तरच पाणी.

सहाव्या सोमवारी पट्टी धरणारा मुलगा किती तरी वेळ वाकूनच होता. मग ओरडला, "बाई, दोन सेंटिमीटर!"

त्या दिवशी आम्ही कुर्डुवाडीहून दौंडला कार्ड टाकलं. त्यावर एकच ओळ होती : "पोंगा २ सेंटिमीटर वर आला. मोजून लिहिलं आहे."

चार दिवसांत उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, "मलाही इथे आता दोन मैत्रिणी झाल्या. आधी एक पण नव्हती."

बालमित्रांनो, आम्ही ते कार्ड वर्गाच्या भिंतीवर लावलं. त्यानंतर वर्गात नवीन मूल आलं की पहिले काही सोमवार आम्ही त्याच्या मागे लागत नाही. शेजारी बसायला जागा देतो, डबा पुढे करतो आणि थांबतो.

तुम्हीही करून बघा

१. घरात कुंडीतला पाम असेल, तर पोंगा आणि शेजारचा देठ यांवर रेघ मारा. महिनाभर दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मोजलेले आकडे शेजारी शेजारी मांडा. फरक तुम्हांलाच दिसेल.

२. पामचं रोप मिळालं, तर सर्वांत जुनं पान आणि सर्वांत नवं पान यांची चित्रं काढा. गटेनं जे पाहिलं, ते तुम्हांलाही दिसतं का?

३. कुंडी जमिनीत रिकामी करायची असेल, तर मोठ्यांना सोबत घ्या. ते वजन मुलांनी उचलायचं नाही.

आणि आई-बाबांसाठी दोन शब्द : मुलांच्या हातून रोप मेलं, तर "जाऊ दे, दुसरं आणू" असं लगेच म्हणू नका. ते कशानं मेलं, हे त्यांच्यासोबत बसून शोधा. आपल्या हातून मेलं असेल, तर तसं मुलांना सांगा. मी सांगितलं. थोडी लाज वाटली, पण शाळेच्या कुंपणाजवळ पाम उभा आहे.

तुमच्या,
बाई